रानाचे पाहुणे

डोंगराला दरी असते आणि समुद्राला खाडी असते, हे आपण भूगोलात शिकतो. परंतु जेथे दरी आणि खाडी एकच होऊन जातात, असेही काही प्रदेश पृथ्वीच्या पाठीवर आहेत. हिमयुगात प्रचंड हिमनद्या डोंगर कोरीत समुद्राकडे उतरल्या. नदीने कोरलेली दरी तळाशी निमुळती असते. हिमनदीची दरी मात्र पन्हळीसारखी, रुंद तळाची आणि उभ्या भिंतींची असते. पुढे हवामान उबदार झाले, बर्फ वितळले, समुद्राची पातळी चढली आणि त्या दऱ्यांत खारे पाणी शिरले. अशा बुडालेल्या दरीला 'फियोर्ड' म्हणतात. शब्द मूळचा नॉर्वे देशाचा. पण मी पाहिलेले फियोर्ड तेथून फार दूर, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, न्यूझीलंडमध्ये आहेत.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचा नैर्ऋत्य कोपरा नकाशावर पाहिला, तर किनारा जणू कोणी करवतीने चिरल्यासारखा दिसतो. तेथे असे चौदा फियोर्ड आहेत. १९५२ साली हा सारा प्रदेश 'फियोर्डलँड राष्ट्रीय उद्यान' म्हणून राखून ठेवण्यात आला आणि १९९० साली आसपासच्या अरण्यांसह जागतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश झाला. उद्यानाचे क्षेत्रफळ १२,००० चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. आपले रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे एकत्र केले, तर जेवढा मुलूख होईल त्याहून ते थोडेसेच लहान. आणि एवढ्या मुलखात शेते नाहीत, कारखाने नाहीत, गावेही जवळजवळ नाहीतच. डोंगर, अरण्य, सरोवरे आणि पाऊस, एवढीच तेथील वस्ती.

माझी कन्या व जावई त्याच देशातील डनेडिन शहरी राहतात. सेवानिवृत्तीनंतर मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा डिसेंबर महिना होता, म्हणजे तिकडचा उन्हाळा. "बाबा, सह्याद्रीचे सगळे घाट तुम्ही पायांखाली घातलेत, आता येथील एक घाट चढून पाहा," असे कन्येने म्हटले. बारा वर्षांचा माझा नातू तर नाचूच लागला. माझे वय त्या वेळी चौसष्ट होते. परंतु पाय अजून आज्ञेत होते आणि मनाने कधीच निवृत्ती घेतली नव्हती. मी होकार दिला.

ते आनाऊ हे सरोवराकाठचे लहानसे गाव या उद्यानाचे प्रवेशद्वार आहे. तेथून मिलफर्ड साउंड या प्रसिद्ध फियोर्डापर्यंत सुमारे १२० किलोमीटरांचा रस्ता जातो. वाटेत डोंगराची एक भिंत आडवी येते. तिच्यातून खोदलेला होमर बोगदा सव्वा किलोमीटर लांबीचा आहे. १९३५ साली कुदळी आणि हातगाड्या घेऊन मजुरांनी त्याच्या कामाला हात घातला आणि मोटारी त्यातून धावू लागण्यास १९५४ साल उजाडावे लागले. बोगद्याच्या आतील खडक अजून ओबडधोबड आहे. त्यावरून पाणी ठिबकत असते. त्या काळोखातून गाडी बाहेर पडते आणि समोर एकदम कडेच कडे उभे राहतात.

मिलफर्डला पोचलो तेव्हा पाऊस पडत होता. तो तेथे न पडला तरच नवल! वर्षाकाठी तेथे सहा मीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. आंबोलीला किंवा महाबळेश्वराला पावसाळ्याच्या चार महिन्यांत जेवढे पाणी पडते, जवळजवळ तेवढेच ते. फरक एवढाच, की तेथे त्याला ऋतूचे बंधन नाही. आपण सहलीला गेलो आणि पाऊस आला, तर कपाळाला हात लावतो. तेथे जुनेजाणते प्रवासी पाऊस आला म्हणजे हर्षित होतात. कारण कोरड्या दिवशी मिलफर्डच्या कड्यांवर दोनचारच मोठे धबधबे दिसतात. पाऊस सुरू झाला, की तासाभरात शेकडो शुभ्र धारा त्या काळ्या कातळांवरून झेप घेऊ लागतात आणि पाऊस थांबताच पुन्हा तासाभरात अदृश्य होतात.

फियोर्ड पाहण्याचा सोपा मार्ग म्हणजे मोठ्या नावेची सफर. नाव संथपणे समुद्राच्या तोंडापर्यंत जाते आणि परत येते. डाव्या हाताला माइटर शिखर उभे असते. उंचीने ते आपल्या कळसूबाईहून थोडेसेच अधिक. परंतु कळसूबाईच्या पायथ्याशी पोचेपर्यंत आपण पठारावर बरेच चढलेलो असतो, तर हे शिखर थेट समुद्राच्या पाण्यातून वर निघालेले आहे. पाहता पाहता मान दुखू लागते. नाव स्टर्लिंग धबधब्याच्या अगदी जवळ नेतात. त्याचे तुषार तोंडावर घेण्यासाठी थोरांनाही लहान व्हावेसे वाटते. खडकांवर सील पहुडलेले असतात. कधी डॉल्फिन मासोळीच्या डौलाने नावेपुढे पळतात, पण ते मासे नव्हेत, आपल्यासारखेच श्वास घेणारे सस्तन प्राणी आहेत, हे तुम्हांला ठाऊक असेलच.

दुसरा मार्ग म्हणजे कयाक, अर्थात एकदोन माणसे बसतील अशी अरुंद होडी. नातू आणि मी एका कयाकमध्ये बसलो. तो पुढे, मी मागे. वल्ह्याच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज नव्हता. येथे आमच्या वाटाड्याने एक नवलाची गोष्ट सांगितली. अरण्यातील पालापाचोळ्यातून झिरपत येणारे पावसाचे पाणी चहासारखे तपकिरी होते. गोडे पाणी हलके, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर थर धरून राहते आणि सूर्यप्रकाश अडविते. त्यामुळे खालचा समुद्र फारच लवकर काळोखा होतो. जे काळे प्रवाळ इतरत्र खोल समुद्रातच वाढते, ते येथे दहा मीटरांच्या आसपासही आढळते. काळोखामुळे त्याला वाटते, की आपण खोल समुद्रातच आहोत! आणखी मौज अशी, की जिवंतपणी हे काळे प्रवाळ पांढरे दिसते. काळा असतो तो त्याचा आतील सांगाडा.

परंतु फियोर्डलँडची खरी ओळख पायांनीच करून घ्यावी लागते. तेथील मिलफर्ड पायवाट जगप्रसिद्ध आहे. १८८८ साली क्विंटिन मॅकिनन नावाच्या धाडसी माणसाने सोबत्यासह डोंगरातील खिंड शोधून काढली आणि सरोवराकडून समुद्राकडे जाणारी वाट मोकळी झाली. पुढे तो प्रवाशांचा वाटाड्या झाला. १८९२ साली ते आनाऊ सरोवरात त्याची होडी बुडाली. त्याचा देह कधीच सापडला नाही. खिंडीच्या माथ्यावर त्याच्या स्मरणार्थ दगडांचा मनोरा रचलेला आहे आणि खिंडीला त्याचेच नाव आहे. ही पायवाट ५३ किलोमीटरांहून थोडी अधिक लांब असून ती चार दिवसांत चालायची असते. हंगामात स्वतःच्या बळावर चालणाऱ्या चाळीसच माणसांना दर दिवशी वाटेवर सोडतात, सर्वांनी एकाच दिशेने जायचे असते आणि मुक्काम लाकडी निवाऱ्यांतच करायचा असतो. आपले अन्न आपणच पाठीवर न्यायचे आणि त्याचा कचराही आपणच परत आणायचा. वाटेवर कचऱ्याची पेटी एकही नाही.

पहिल्या दिवशी सरोवराच्या टोकाशी नावेतून उतरलो. तेथे एक छोटासा विधी झाला. प्रत्येकाने आपले बूट स्वच्छ करून घेतले. डिडिमो नावाचे एक परके शेवाळ त्या देशाच्या नद्यांत शिरले आहे; डोळ्यांना न दिसणारा त्याचा एक कण ओल्या बुटातून आला, तरी निर्मळ ओढा बिघडू शकतो. देवळात शिरताना आपण पाय धुतो. रानात शिरताना बूट धुणारी माणसे मी प्रथमच पाहिली आणि मला ते फार आवडले.

पहिले दोन दिवस क्लिंटन नदीच्या काठाने वाट जाते. बीच वृक्षांच्या बुंध्यांवर हाताच्या पंजाएवढे जाड शेवाळ, नेच्यांचे दाट ताटवे, आणि नदीचे पाणी इतके नितळ, की तळाचे गोटे मोजून घ्यावेत. संध्याकाळी निवाऱ्यात चाळीस अनोळखी माणसे एकत्र जमत. कोणी जर्मन, कोणी जपानी, कोणी तेथलाच शेतकरी. एकाच खोलीत ओले मोजे वाळत असत आणि एकाच ओट्यावर सर्वांचे अन्न शिजत असे. आमच्या पिठल्याचा वास सुटला, तेव्हा शेजारच्या वृद्ध जोडप्याने कुतूहलाने चौकशी केली. पिठले चमचाभर त्यांच्या ताटात गेले आणि त्यांच्या सुक्या जर्दाळूंची मूठ नातवाच्या खिशात आली.

दुसऱ्या रात्री मुसळधार पाऊस लागला. निवाऱ्याची व्यवस्था पाहणारी रक्षिका सकाळी आली आणि म्हणाली, "मी सांगेपर्यंत कोणीही खिंडीकडे निघू नये." एक तरुण प्रवासी कुरकुरला. त्याला वेळेत पोचण्याची घाई होती. ती शांतपणे म्हणाली, "खिंड कोठे पळून जात नाही. ती हजारो वर्षे तेथेच आहे." मग तिने फेब्रुवारी २०२० ची हकीगत सांगितली. त्या वेळी अवघ्या अडीच दिवसांत एक मीटरहून अधिक पाऊस झाला, मिलफर्डचा रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला आणि शेकडो प्रवाशांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. तरुण मुकाट्याने खाली बसला. दहाच्या सुमारास ढग फाटले आणि तिने आम्हांला सोडले. खिंडीवर वारा असा होता, की उभे राहणे कठीण. नातवाने माझा हात धरला होता. कोणी कोणाला आधार दिला, ते सांगता यायचे नाही. माथ्यावर क्षणभर धुके दूर झाले आणि दोन्ही बाजूंच्या दऱ्या एकदम उघड्या पडल्या. एका बाजूला आलेली वाट, दुसऱ्या बाजूला जायची वाट. कोणीही काही बोलले नाही.

खिंडीवरच आमची केआशी गाठ पडली. केआ हा डोंगरात राहणारा पोपट. रंग शेवाळी हिरवा. पण पंख उघडले, की खालून शेंदरी ज्वाळा दिसावी. बुद्धी विलक्षण. निवाऱ्याबाहेर ठेवलेले बूट तो पळवितो, म्हणून बूट उंच खुंटीला टांगावे लागतात. आम्ही विसाव्याला बसलो आणि नातवाने घरी केलेली शेंगदाण्याची चिक्की बाहेर काढली. लगेच एक केआ उड्या मारीत दोन हातांवर आला आणि मान वाकडी करून पाहू लागला. नातवाचा हात पुढे होणार, तोच त्याच्या आईने त्याला आठवण दिली, की येथे पक्ष्यांना खाऊ घालायचे नसते.

"आजोबा," तो माझ्याकडे वळून म्हणाला, "चिमण्यांना तर तुम्ही रोज दाणे टाकता. मग याला एक तुकडा दिला, तर काय बिघडले? तो उपाशी असला तर?"

प्रश्न खरा होता. घासातला घास देणे हे आपण पुण्य मानतो. मी म्हणालो, "बाळ, हा उपाशी असता, तर हे रान त्याला पोसायला समर्थ आहे. तू तुकडा दिलास, तर उद्या तो माणसाची वाट पाहील. परवा मोटारींच्या रस्त्यावर येऊन बसेल आणि चाकाखाली सापडेल. जुन्या घरांच्या छपरांवरील शिसे कुरतडून कित्येक केआ विषबाधेने मेले आहेत. माणसाजवळ येणे त्यांना मानवत नाही. कधीकधी न देणे हेच देणे असते."

त्याला ते पुरते पटले, असे मी म्हणणार नाही. त्याने चिक्की डब्यात परत ठेवली. आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होते. केआने थोडा वेळ वाट पाहिली, मग एक किंकाळी फोडून तो दरीवर झेपावला. त्या वेळी त्याच्या पंखांखालची शेंदरी ज्वाळा आम्हांला दिसली. "पाहिलेत, आजोबा?" नातू ओरडला. डोळ्यांतले पाणी कोठल्या कोठे गेले.

खिंड उतरल्यावर सदरलँड धबधबा लागतो. तीन टप्प्यांत तो ५८० मीटर खाली येतो. त्याच्या पायथ्याशी नुसत्या वाऱ्यानेच माणूस चिंब भिजतो. परंतु त्या दिवशी माझे लक्ष दुसऱ्याच एका वस्तूकडे होते. वाटेच्या कडेला ठराविक अंतराने लहान लाकडी पेट्या ठेवलेल्या होत्या. आत एक अंडे आणि एक सापळा. हे सापळे कोणासाठी, असे विचारता एक दुःखद इतिहास समजला.

न्यूझीलंडमध्ये माणूस येण्यापूर्वी वटवाघळे सोडली, तर जमिनीवर एकही सस्तन प्राणी नव्हता. शत्रूच नसल्याने अनेक पक्षी उडणे विसरून गेले. पुढे युरोपीय वसाहतवाले आले. त्यांनी ससे आणले, सशांनी कुरणे फस्त केली; मग सशांना मारण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंगसासारखा चपळ स्टोट हा प्राणी आणला. स्टोटाने ससे टाकले आणि न उडणारे पक्षी धरले. काकापो हा जगातील एकमेव न उडणारा पोपट झपाट्याने नाहीसा होऊ लागला. तेव्हा १८९४ साली रिचर्ड हेन्री नावाच्या माणसाची डस्की साउंडमधील रेझोल्यूशन बेटावर रक्षक म्हणून नेमणूक झाली. एक कुत्रा आणि एक होडी एवढ्या सामग्रीनिशी, पावसापाण्यात, त्या एकाकी माणसाने शेकडो काकापो आणि किवी पकडून, होडीतून त्या बेटावर सुरक्षित नेऊन सोडले. कुत्र्याच्या तोंडाला मुसके बांधलेले असे, म्हणजे पक्ष्याला इजा होऊ नये. आणि १९०० साली बेटावर स्टोट दिसला. तो समुद्र पोहून आला होता. कित्येक वर्षांचे कष्ट पाण्यात गेले.

पण गोष्ट येथे संपत नाही. १९७५ साली फियोर्डलँडच्या एका दुर्गम दरीत एक वृद्ध काकापो जिवंत सापडला. त्याचे नाव ठेवले रिचर्ड हेन्री. त्याला निर्भय बेटावर हलविण्यात आले, त्याला पिले झाली, आणि २०१० साली तो वारला. आज काकापोंची संख्या दोनशेच्या पुढे गेली आहे. ताकाहे नावाचा दुसरा एक निळा, न उडणारा पक्षी तर नामशेष झाला, असेच सर्वांनी मानले होते. १९४८ साली जेफ्री ऑर्बेल या डॉक्टरने ते आनाऊजवळच्या डोंगरात तो पुन्हा शोधून काढला. हरलेल्या माणसाचे काम पुढच्या पिढीने उचलले, म्हणून हे घडले. वाटेकडेची ती लाकडी पेटी दिसायला कुरूप आहे खरी. परंतु ती एका जुन्या चुकीची भरपाई आहे.

पायवाट जेथे संपते, त्या जागेचे नाव सँडफ्लाय पॉइंट, म्हणजे चावऱ्या माश्यांचे टोक. नाव अगदी सार्थ आहे! चिलटाएवढ्या काळ्या माश्या हातापायांवर तुटून पडतात. माओरी लोकांत याविषयी एक कथा आहे. तू-ते-राकी-फानोआ या देवाने आपल्या कुऱ्हाडीने हे फियोर्ड कोरले. ते इतके सुंदर झाले, की माणसे येथे आली, तर परत जाणारच नाहीत, अशी भीती मृत्युदेवता हिने-नुई-ते-पो हिला वाटली. म्हणून तिने या माश्या सोडल्या. पाहा, राहू नका, असाच त्यांचा निरोप असावा. पायाला खाजवीत आम्ही तो निरोप शिरसावंद्य मानला आणि नावेत बसलो.

परतीच्या वाटेवर मानापोरी सरोवर पाहिले. १९६० नंतरच्या दशकात वीजनिर्मितीसाठी या सरोवराची पातळी तीस मीटरपर्यंत चढवावी, असा बेत होता. तसे झाले असते, तर काठची अरण्ये बुडाली असती. लोकांनी विरोध केला. १९७० साली २,६४,९०७ लोकांच्या सह्यांचा अर्ज संसदेपुढे गेला. त्या वेळी त्या देशाची लोकसंख्या तीस लाखांहून अधिक नव्हती! अखेर सरोवराची पातळी नैसर्गिकच राखायची, असे ठरले. वीजकेंद्र आजही चालते, वीज मिळते आणि सरोवरही आपल्या जागी आहे. कष्टाने विचार केला, तर दोन्ही साधते.

आता आपल्या मुलखाविषयी दोन शब्द. आपला सह्याद्री काही कमी सुंदर नाही. पावसाळ्यात त्याच्या कड्यांवरून असेच शुभ्र प्रवाह झेपावतात. परंतु गडाच्या तटावर कोळशाने लिहिलेली नावे आणि टाक्याच्या पाण्यावर तरंगणाऱ्या पिशव्या पाहिल्या, की वाटते, आपण रानात यजमान म्हणून शिरतो. वस्तुतः तेथील यजमान निराळेच असतात; आपण पाहुणे. पाहुण्याने घराची रीत पाळावी, दिले तेवढे घ्यावे, आणि वेळेवर निरोप घ्यावा.

मिलफर्ड साउंडचे माओरी नाव पिओपिओताही असे आहे. त्याचा अर्थ 'एकच पिओपिओ'. मानवाला अमर करण्याच्या प्रयत्नात माउई हा वीर मेला, तेव्हा त्याचा सोबती असलेला एक पिओपिओ पक्षी शोक करीत या दरीत आला, अशी कथा आहे. तो गोड गाणारा पक्षी आज जगात उरलेला नाही. उरले आहे ते केवळ त्याचे नाव. ज्या पक्ष्यांची नावेही आहेत आणि गाणीही आहेत, असे पुष्कळ पक्षी अजून आपल्या रानांत आहेत. त्यांचे केवळ नाव उरू द्यायचे की गाणेही, हे तुमच्या हाती आहे.